बेवारस शिदोरी

“आन् बोट बंद पडली तर?” कडूबाईनं विचारलं.

“बोट बंद पडत नसती, आई.”

“यष्टी पडती, मंग बोटीला काय सोनं लागलंय? यष्टी बंद पडली तर मानूस खाली उतरून चार पावलं चालतंय तरी. बोटीतनं उतरून कुठं जाशील रं?”

सोपान तिचा शिकलेला लेक. नगरच्या कॉलेजात दोन वर्षं काढली, पंचायत समितीत कारकून झाला, टेरिलीनचा शर्ट अंगात आला; पण आईपुढं त्याचं शिक्षण नेहमीच असं अपुरं पडायचं. कडूबाई ओट्यावर बसून जुन्या लुगड्याच्या धडप्यात भाकरी रचत होती. बाजरीच्या भाकरी, एकीवर एक, खाली दशम्या, कडेला कांदे. ढीग मांडीच्या वर आला होता आणि बाईचा हात काही थांबत नव्हता.

झालं होतं असं, की त्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. धोंड्यात जावयाचा मान करायचा, त्याला काहीतरी द्यायचं, ही आपल्याकडची रीत. कुणी अंगठी देतो, कुणी धोतरजोडी. सोपानचे सासरे आबासाहेब ढोकणे राहुरीकडचे बागायतदार. पाटाचं पाणी, ऊस, दारात ट्रॅक्टर. त्यांनी निरोप धाडला, की जावईबापूंना आणि लेकीला, भागीरथीला, आपण बोटीत बसवून गोवा दाखवणार. वरच्या वर्गाची तिकिटं काढली आहेत. बोटीवर टेबलावर जेवण मिळतं, तेव्हा बरोबर काही म्हणजे काही आणू नये.

हे शेवटचं वाक्य सोपाननं घरात तीन-तीनदा सांगितलं. पण पारनेरच्या माळावर वाटेला लागणारा माणूस रिकाम्या हातानं गेला, तर नाव गावाचं जातं. आणि हा तर गावातला समुद्रावर जाणारा पहिला माणूस! सकाळपासून वस्तीवरच्या बाया पदराखाली काहीबाही घेऊन येत होत्या. मागल्या साली पावसानं दगा दिलेला, कणगीत हात घातला की तळ लागायचा. तरी छबूबाईनं दोन भाकरी आणल्या. भिमाबाईनं लसणाचा ठेचा आणला, तोही पाट्यावर वाटून, तेल सोडून.

“समुद्राचं पानी खारट आसतंय म्हनं,” भिमाबाई म्हणाली. “त्याच्यात शिजिवलेलं काय खानार लेकरू?”

“गोडं पाणी असतं गं बोटीवर!” सोपान कळवळून म्हणाला.

“आसंल की. पन ठेचा आसू दे.”

ठेच्याला डबा हवा होता. भागीरथीनं फडताळातून नवाकोरा पितळी डबा काढला आणि ठेचा त्यात दाबून भरला. सोपाननं तोंड उघडलं, तेवढ्यात फाट्यावर एस्टीचा हॉर्न वाजला. वाद घालावा तर गाडी जाते. त्यानं गाठोडं उचललं आणि धावत सुटला. ते इतकं जड होतं, की आपण बायको मागे ठेवून जातं घेऊन निघालो की काय, असं त्याला वाटलं.

मुंबईला धक्क्यावर आबासाहेब वाटच पाहत होते. परीटघडीचं धोतर, रेशमी कोट, डोक्याला फेटा आणि पायात करकरणारे नवे बूट. बूट चावत होते हे त्यांच्या चालीवरून कुणालाही कळलं असतं, पण आबासाहेब ते कबूल करणाऱ्यांतले नव्हते. शिकलेल्या जावयासमोर आपण गावंढळ दिसू नये ह्याची त्यांना धास्ती, आणि बागायतदार सासऱ्यासमोर आपण कोरडवाहू दिसू नये ह्याची सोपानला. दोघंही आपापल्या जागी अवघडलेले.

सोपाननं युक्ती केली होती. गाठोड्यावर आपली सतरंजी गुंडाळली होती. वळकटी जरा गरोदर दिसत होती, पण गाठोडं काही दिसत नव्हतं.

बोटीत चढायच्या शिडीशी एक पाटी होती. आबासाहेबांनी ती अक्षर अक्षर लावून मोठ्यांदा वाचली: ‘वरच्या वर्गाच्या उतारूंनी शिजवलेले अन्न सोबत आणू नये.’ आजूबाजूच्या चार लोकांनी वळून पाहिलं.

“बगा जावईबापू,” आबासाहेब म्हणाले, “बराबर हाय का न्हाई? लोकं शिदोऱ्या बांधून येत्यात, वास सोडत्यात. आरं, टेबल-खुर्ची मांडून द्यायला लागलेत, तितं गाठोडं कशाला?”

“अगदी बरोबर, मामा,” सोपान म्हणाला आणि वळकटी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

भागीरथी नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, पण एवढ्यात तिच्या न बोलण्याला सोपान भ्यायला शिकला होता.

वर गेल्या गेल्या त्यानं काय केलं, तर सासऱ्यांचं लक्ष समुद्राकडे आहे असं पाहून वळकटी सोडली आणि गाठोडं डेकच्या कोपऱ्यात, दोरखंडाच्या वेटोळ्यामागं ढकलून दिलं. पणजीला उतरताना घेऊ, नाहीतर एखाद्या भिकाऱ्याला देऊ, असा त्याचा विचार. विचार काही वाईट नव्हता. पण भिमाबाईनं ठेच्यात लसूण टाकला होता तो वस्तीच्या मापानं, बोटीच्या नव्हे.

बोट सुटली. मुंबई मागं राहिली, ऊन तापलं आणि कोपऱ्यातून वास सुटला. आधी एक बाई नाकाला रुमाल लावून उठल्या. मग एक खलाशी हुंगत हुंगत वेटोळ्यापाशी गेला आणि ओरडला, “हे गाठोडं कुणाचं?”

लोक आपापलं सामान मोजायला लागले.

“अहो, कुणाचं आहे गाठोडं?”

ह्या घडीला सोपाननं ‘माझं’ म्हटलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. फार तर दोन माणसं हसली असती. पण सासरे शेजारी उभे! त्यांनीच सहज विचारलं, “जावईबापू, तुमच्याकडलं तर न्हाई ना कुनाचं?”

“छे हो!” सोपान म्हणाला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण माणूस एकदा खोटं बोलला की त्याला ते सजवायची हौस येते. “असलं आमच्याकडं कुणी खात नाही आता. ते जुन्या लोकांचं.”

भागीरथीनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि तोंड समुद्राकडे केलं.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला बोटीचा साहेब आला. लढाई संपून चार-सहा महिने झाले होते, पण विमानांच्या भीतीनं काचांना चिकटवलेले काळे कागद अजून लोकांच्या डोक्यात होते. बेवारस सामान म्हटलं की माणसं दोन पावलं मागं सरायची. साहेबानं बुटाच्या टोकानं गाठोडं ढकललं. ते हललं नाही.

“जड आहे,” तो म्हणाला.

“हात लावू नका!” मुंबईचे एक चष्मेवाले गृहस्थ ओरडले. “आत गोल आणि चपटं काहीतरी रचलंय. पाण्यातले सुरुंग अस्सेच असतात. मी वाचलंय.”

झालं! ‘सुरुंग’ म्हणताच डेक निम्मा रिकामा झाला. कुणी पोरं उचलली, कुणी ट्रंका. एक म्हातारे गृहस्थ गळ्यात तरंगायचं रबरी कडं अडकवून बसले ते पणजीपर्यंत तसेच होते. सोपानला घाम फुटला. भाकरी आहेत हो, माझ्या आईनं थापलेल्या भाकरी आहेत, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण आता कबूल करायचं म्हणजे भाकरीही कबूल करायच्या, खोटंही कबूल करायचं, आणि वर एवढी पळापळ अंगावर घ्यायची. क्षणाक्षणाला ते अवघड होत चाललं होतं. मग त्याला एकच वाट दिसली.

“फेकून द्या ना समुद्रात!” तो ओरडला. “काही होत नाही, उचला आणि फेका!”

साहेबानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. “काही होत नाही हे तुम्हाला कसं माहीत?”

“मला? मला नाही माहीत.”

“आत काय आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?”

“मला काय ठाऊक असणार? मी पंचायत समितीत असतो.”

“ह्यांचं तिकीट बघा रे,” साहेब खलाशाला म्हणाला.

सोपाननं तिकिटासाठी सगळे खिसे असे उलटेपालटे केले, की चष्मेवाले गृहस्थ बायकोला म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” दुसऱ्या खलाशानं लांब काठीचा आकडा आणला आणि गाठोड्याच्या गाठीत अडकवला. आता एक हिसका, की चाळीस घरांच्या चुलींवरच्या भाकरी माशांना जाणार होत्या. सोपाननं डोळे मिटून घेतले. भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचा, हे आईनं शिकवलेलं. आणि इथं तो सबंध गाठोडं बुडायची वाट पाहत होता.

“थांबा!” भागीरथी ओरडली. पण तिच्या आधी आबासाहेब पुढं झाले होते. चावणारे बूट काढून हातात घेतलेले, नाक वर.

“सुरुंग न्हाई त्यो,” ते म्हणाले. “लसनाचा वास हाय. आन् बाजरी हाय. आवं, बाजरी कळत न्हाई व्हय मला?”

साहेब मागं ओढत होता तरी आबासाहेबांनी खाली बसून गाठ सोडली. लुगड्याचा धडपा उलगडला. भाकरी, दशम्या, कांदे. सगळ्यांनी मोठा श्वास सोडला, आणि माणूस भिऊन झाल्यावर जसा हसतो तसे सगळे हसायला लागले. सुरुंग बघा, सुरुंग! लसणाचा सुरुंग! सोपानही हसला. हसला! आईच्या भाकरीला तोही चारचौघांत हसला.

“पण आणलं कुणी?” साहेब काही हसला नाही. “नियम आहे बोटीचा. अरे, हा डबा बघ. नाव घातलंय वाटतं.”

सोपानचं हसू जागच्या जागी वाळलं. नाव! आपल्या लोकांत भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं घरातलं होत नाही. लग्नातलं भांडं असेल तर देणाऱ्याचंही नाव, घेणाऱ्याचंही नाव, गावसुद्धा. बाजारपेठेत नाव घालणारा टिंब टिंब ठोकत बसतो आणि ते शंभर वर्षं पुसत नाही. भागीरथीनं काढलेला तो नवाकोरा डबा कुठला, हे सोपानला आत्ता आठवलं.

साहेबानं डबा उन्हात तिरपा धरला आणि वाचायला लागला, “आबासाहेब... ढोकणे... यांजकडून... कोण आहेत हे आबासाहेब ढोकणे?”

माना इकडून तिकडं वळल्या.

आबासाहेबांनी डबा साहेबाच्या हातून घेतला. त्यांनी खालची ओळ मनातल्या मनात वाचली. ‘चि. सोपान रखमाजी ठुबे यांस लग्नात सप्रेम.’ त्यांनी सोपानकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त आपला रुंद तळवा त्या ओळीवर ठेवला आणि डबा छातीशी धरला.

“म्या ढोकणे,” ते म्हणाले. “माझंच गाठुडं हाय. इसारलो.”

“तुमचं?” चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. “अहो, मघाशी शिडीवर पाटी वाचून दाखवत होतात ना तुम्ही?”

“वाचली की. पन वाचलेलं समदंच आपल्याला लागू आसतंय असं कुटं हाय?”

केवढा हशा झाला! बायका तोंडाला पदर लावून, पुरुष रेलिंगला टेकून. रेशमी कोट, हातात बूट आणि छातीशी ठेच्याचा डबा! सगळा वरचा वर्ग आबासाहेबांना हसत होता आणि ते मान हलवत ते हसू अंगावर घेत होते. सोपानला वाटलं, आता बोटीचं लाकूड फाटावं आणि आपण सरळ खाली जावं. पण बोट लोखंडी होती.

साहेबानं निकाल दिला, की हे अन्न वर चालणार नाही, खालच्या डेकवर नेऊन खा. आबासाहेबांनी गाठोडं डोक्यावर घेतलं. भागीरथी न सांगता त्यांच्यामागे निघाली. सोपान पुढं झाला.

“मामा, मी घेतो...”

“ऱ्हाऊ द्या, जावईबापू,” आबासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, तोच तर घात होता. “तुमी टेबलावर जेवा. तुमच्याकडं आता आसलं कुनी खात न्हाई. आमी जुनी लोकं.”

टेबलावर सोपान एकटा बसला. पांढरा कपडा, दोन सुऱ्या, तीन चमचे. बटलरनं पातळ काहीतरी आणून ठेवलं. ते चमच्यानं प्यायचं की खायचं ह्याचा तो विचार करत होता, तेवढ्यात बोट डुलली आणि ते त्याच्या टेरिलीनच्या शर्टावर आलं. नंतर आलेला तुकडा सुरीखालून सटकून चष्मेवाल्यांच्या बशीत जाऊन पडला. त्यांनी तो शांतपणे परत केला. सोपान उठला.

जिन्यावरून खाली डोकावलं तर खालच्या डेकवर पंगत बसली होती. आबासाहेब कोट काढून, मांडी घालून मधोमध. बुक्कीनं कांदे फोडत होते. भागीरथी वाढत होती. कोकणातली, गोव्याकडची माणसं भोवती. एका बाईनं तळलेले बोंबील काढले होते, एकानं आमसुलाचं सार. ठेचा खाऊन एक खलाशी डोळे पुसत होता आणि पुन्हा हात पुढं करत होता. मघाशी आकडा घेऊन आलेला तोच हा खलाशी.

“ही बाजरी माज्या ईहीनबाईच्या हातची!” आबासाहेब सांगत होते. “पारनेरचा मुलूख. पानी न्हाई, पन हाताला चव बगा!”

सोपान पायरीवर उभा राहिला. पोटात कावळे कोकलत होते. भागीरथीनं वर पाहिलं.

“जेवला का?” तिनं विचारलं.

‘नाही’ म्हणायला काय लागतं? पण कुठल्या तोंडानं म्हणणार! “जेवलो,” तो म्हणाला.

“काय व्हतं?”

“चांगलं होतं.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि शेवटची दशमी बोंबीलवाल्या बाईच्या पोराच्या हातावर ठेवली.

गोव्यातही तेच झालं. आबासाहेब प्रेमानं विचारायचे, जावईबापू, काय खानार? आणि सोपानच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यांनी एका शब्दानं डब्याचा विषय काढला नाही. एकदा जरी ओरडले असते, तरी तो पोटभर जेवला असता.

परतीला आबासाहेब म्हणाले, ईहीनबाईंचा डबा आपल्या हातानं पोचवतो. फाट्यावर एस्टी थांबली तर अर्धी वस्ती गोळा झालेली. कडूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. तिनं लेकासुनेवरून तुकडा ओवाळला आणि लांब भिरकावला. सोपानचे डोळे त्या तुकड्यामागं गेले. तो कुत्र्यानं उचलला तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटलं.

सगळे ओट्यावर टेकतात न टेकतात, तोच भिमाबाईनं विचारलं, “ठेचा पुरला का रं, सोपाना?”

सोपान खाली बघत राहिला. आबासाहेबांनी पिशवीतून पितळी डबा काढला. रिकामं भांडं परत करू नये म्हणून त्यात काजू भरले होते. डबा कडूबाईच्या हातात देत ते म्हणाले, “ईहीनबाई, काय सांगू! समद्या बोटीसमोर जावईबापूनी गाठुडं सोडलं. साहेब लोकं बगत व्हती. ह्ये म्हनाले, माज्या आईच्या हातचं हाय, माज्या गावचं हाय, या, खावा! खलाशी सुद्दा रडत रडत खात व्हते.”

“आगं बया!” छबूबाईनं गालावर हात ठेवला.

“लाजला न्हाई?” कडूबाईनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. “म्या मनात म्हनत व्हते, पोरगं शिकल्यालं हाय, चारचौघांत लाजंल. म्या तर म्हनलं, वाटंतच टाकून दिल्या आसतील भाकरी.”

“छ्या! लाजतोय कशाचा?” आबासाहेब म्हणाले.

कडूबाईनं पदर डोळ्याला लावला. “पुढल्या धोंड्याला दुप्पट करून देईन,” ती म्हणाली आणि लगेच पदर खाली घेऊन लेकाला खालीवर न्याहाळलं. “पन का वं पाव्हनं, एवढ्या भाकरी संगं व्हत्या, मंग ह्यो आसा वाळला कशानं?”

आबासाहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले. सोपाननं मान वर केली. सगळं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, “आई, मी त्या भाकरी...”

“वाटल्या की त्येंनी, आत्याबाई,” भागीरथी चुलीपुढून म्हणाली. तिनं परातीत पीठ घेतलं होतं. “समद्या दुसऱ्याला वाटल्या. त्येंच्या वाट्याला येक बी उरली न्हाई.”

“माजं लेकरू!” कडूबाई म्हणाली आणि सगळ्या वस्तीसमोर तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

भागीरथीनं पहिली भाकरी तव्यावरून काढली आणि ताटात ठेवून त्याच्यापुढं सरकवली. वर ठेच्याचा गोळा. सोपाननं ती कपाळाला लावली. बायांना वाटलं, केवढी ही माया! आबासाहेबांनी तोच रुंद तळवा त्याच्या पाठीवर ठेवला.

“जेवा, जावईबापू,” ते म्हणाले. “आता तुमचीच हाय.”